पणजोबांच्या म्युझिक बॉक्सची किंमत काढताना

गिरगावातली आमच्या आजोळची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि जानेवारी 2024 मध्ये नोटीस आली की 31 ऑगस्टपर्यंत जागा रिकामी करा. आजी जाऊन दीड वर्ष झालं होतं, घरातल्या वस्तूंना कोणी हात लावला नव्हता. मग आई, मामा आणि मावशी बसले वाटणीला. पितळेची घंगाळं, तांब्याचे हंडे, शिसवी कपाट, आजीचे चार दागिने हे सगळं दोन रविवारांत उरकलं, कारण पितळेचा भाव किलोवर कळतो, सोन्याचा पेपरात येतो आणि कपाटासाठी फर्निचरवाला घरी येऊन आकडा सांगून जातो. अडलं ते माळ्यावरच्या म्युझिक बॉक्सवर.

ही पेटी पणजोबांची. ते फोर्टात एका पारशी शेठच्या पेढीवर कारकून होते, शेठनी बंगला बदलला तेव्हा ती त्यांना दिली अशी घरातली गोष्ट आहे, कागद काहीच नाही. मामाने इंटरनेटवर कुठेतरी अशीच दिसणारी पेटी सहा लाखांना बघितली होती, त्यामुळे त्याच्या मते ही सहा लाखांची. मावशीचं म्हणणं, अरे ती धड वाजत नाही, दात पडलेत, भंगारवाला पाचशे देईल. आई गप्प. आणि ‘तुला ते नेटवरचं कळतं ना, तू बघ’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि मराठीत शोधलं तर काहीच सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. कोणाच्या माळ्यावर असं काही असेल तर निदान सुरुवात कुठून करायची ते तरी कळेल.

10 मार्चच्या रविवारी ती खाली काढली. साधारण बावीस इंच लांब लाकडी पेटी, झाकणावर वेगवेगळ्या रंगाचं लाकूड बसवून केलेली फुलं, आत अजून एक काचेचं झाकण. त्याखाली पितळेचा आडवा सिलिंडर, तेरा इंची, आणि त्यावर हजारो बारीक खिळे, इतके बारीक की बोट फिरवलं तर खरखरीत लागतात पण नुसत्या डोळ्यांना धूळ वाटते. (बोट फिरवू नका. मी एकदाच फिरवलं, नंतर कळलं की बोटाच्या घामाने गंज चढतो.) सिलिंडरसमोर पोलादी फणी, तिला नव्वदच्या वर दात. सिलिंडर फिरला की खिळे दात उचलतात आणि सोडतात, त्या सुटण्याचा तो आवाज. डावीकडे स्प्रिंगचा डबा आणि चावी द्यायचा दांडा, उजवीकडे एक छोटासा पितळी पंखा, जो गरगर फिरून वेग आवरतो.

मामा लगेच दांडा ओढायला निघाला होता. नशिबाने ठाकूरद्वारचे आमचे जुने घड्याळवाले काका तेव्हा घरात होते, भिंतीवरचं घड्याळ न्यायला आलेले. ते ओरडलेच. त्यांनी जे सांगितलं ते नंतर इंग्लंडहूनही शब्दशः तेच सांगितलं गेलं: वर्षानुवर्षं पडून असलेल्या पेटीला चावी द्यायची नाही. पंख्याच्या चाकांपैकी एखादं झिजलेलं किंवा सैल असेल आणि स्प्रिंग भरलेली असेल तर सिलिंडर बेफाम सुटतो, दोनचार सेकंदांत खिळे वाकतात, दात उडतात, आणि पेटीची किंमत तिथल्या तिथे संपते. काकांनी डोळ्याला भिंग लावून पंख्याजवळची चाकं बघितली, म्हणाले ठीक दिसतायत पण तेल वाळून चिकट झालंय, मी ते साफ करून देतो, फणीला मात्र हात लावणार नाही, ते माझं काम नव्हे. असा माणूस मिळणं हे खरं तर नशीब, कारण सगळं जमतं म्हणणारेच जास्त भेटतात. साफसफाईचे त्यांनी 800 घेतले.

तीन दिवसांनी त्यांच्यासमोर थोडीशी चावी दिली आणि ती वाजली. मधेच किंचाळल्यासारखा आवाज, काही सूर गायब, पण वाजली. आई आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, चौथं गाणं लागू दे. तिला क्रम पाठ होता.

आता किंमत. मी आधी सरळ गुगल करायला गेले आणि दोन तासांत पाच हजारांपासून वीस लाखांपर्यंत सगळे आकडे सापडले. त्यातून एक गोष्ट शिकले ती इथेच सांगते: ईबेवर जे आकडे दिसतात ते विकणाऱ्याने मागितलेले असतात, मागायला काय जातं. डावीकडच्या फिल्टरमध्ये ‘सोल्ड आयटम्स’ असतं ते टिक करायचं, मग खरोखर कितीला गेल्या ते दिसतं. ते केल्यावर मामाच्या सहा लाखांचं रहस्य उलगडलं. त्याने बघितलेल्या पेटीत फणीच्या जोडीला घंटा आणि छोटा ड्रम होता, शिवाय सिलिंडर बदलता येणारे होते, आणि ते ठेवायला खाली खास टेबल. त्या जातीच्या पेट्या वेगळ्या, आमची साधी. दुसरी एक जात म्हणजे सिलिंडरऐवजी मोठ्या भोकाभोकांच्या पत्र्याच्या तबकड्या लावायच्या पेट्या, पॉलिफोन, सिंफोनियन, अमेरिकेतली रेजिना वगैरे. ही जात जर्मनीत लाइपझिगला 1880 च्या दशकात सुरू झाली. त्यांचाही बाजार निराळा. म्हणजे किंमत विचारायच्या आधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते ठरवायलाच हवं.

पण आमच्या पेटीवर कंपनीचं नाव कुठेच नाही. आत नुसते दोन नंबर ठोकलेले आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक छापील नक्षीचा कागद, त्यावर शाईने तिरक्या अक्षरात आठ गाण्यांची नावं, बरीचशी फ्रेंच. ब्रिटनमध्ये म्युझिकल बॉक्स सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन म्हणून 1962 पासून चालणारी हौशी लोकांची संस्था आहे (अमेरिकेतली त्याहून जुनी, 1949 ची), आणि हे लोक अशा सिलिंडर पेट्यांची नोंदवही ठेवतात. 24 मार्चला त्यांना ईमेल केली: फोटो, मापं, नंबर, गाण्यांचा कागद. फोटोंचं सांगायचं तर झाकण बंद, झाकण उघडं, फणी जवळून दोन्ही टोकांपासून, सिलिंडर, स्प्रिंगचा डबा, पंखा, गाण्यांचा कागद सरळ वरून, आणि पेटीच्या दोन्ही बाजू. फ्लॅश वापरू नका, पितळ चमकतं आणि दात दिसत नाहीत. खिडकीजवळ सकाळी काढलेले सगळ्यात बरे आले. आणि आठही गाण्यांचा व्हिडिओ, आवाजासकट.

दोन आठवड्यांनी एका सदस्याचं उत्तर आलं, बहुतेक रिटायर्ड गृहस्थ असावेत, इतकं लांब आणि प्रेमाने लिहिलेलं. ही पेटी स्वित्झर्लंडची, बहुधा ज्युरा डोंगरातल्या सँत क्रुआ गावच्या बाजूची. म्युझिक बॉक्सची सुरुवात जिनिव्हाची, अँत्वान फाव्र नावाच्या घड्याळजीने 1796 मध्ये घंटेशिवाय पोलादी पट्ट्यांवर सूर काढायची कल्पना मांडली, आणि पुढे सँत क्रुआत घरोघरी हा धंदा झाला. तिथून पेट्या नाव न घालताच निघायच्या आणि विकणारा आपलं लेबल लावायचा. त्यामुळे नाव नाही म्हणजे नकली नाही, पण नाव असलेल्या, म्हणजे उदाहरणार्थ निकोल फ्रेर, त्यांच्या चांगल्या पेटीला जो भाव येतो तो मिळणार नाही.

आणि वय? त्यांनी ते गाण्यांवरून काढलं, मला हा भाग फारच आवडला. यादीत तिसरं गाणं ‘ले क्लोश द कोर्नव्हिल’ या ऑपेरेटामधलं, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकातलं आहे, तो पॅरिसला पहिल्यांदा झाला एप्रिल 1877 मध्ये, म्हणजे पेटी त्याच्या आधीची असूच शकत नाही. आणि शेवटचं, आठवं, ‘गॉड सेव्ह द क्वीन’. राणी व्हिक्टोरिया जानेवारी 1901 मध्ये गेली, त्यानंतर पन्नास वर्षं ‘किंग’च होता. तेव्हा 1877 ते 1901 मधली, आणि दांड्याने चावी द्यायची पद्धत, काचेचं आतलं झाकण, फणीवर दाबायची कागदी गुंडाळी (तिला झिदर म्हणतात, ती खाली केली की सूर जरा झणझणीत होतो) हे बघता 1880 ते 1895 च्या आसपास. गंमत म्हणजे एडिसनने आवाज साठवून परत ऐकवणारा फोनोग्राफ केला तोही 1877 मध्येच. ज्या वर्षीचं गाणं आमच्या पेटीत आहे त्याच वर्षी या पेट्यांचा शेवट ठरला होता, फक्त त्यांना कळायला वीसेक वर्षं लागली.

वाईट बातमीही त्याच ईमेलमध्ये. व्हिडिओ ऐकून आणि फोटो मोठे करून त्यांनी सांगितलं की तीन दात पूर्ण गेलेत, बारीक सुरांच्या टोकाचे, आणखी दोनांची फक्त टोकं उडालीत. किंचाळणं होतं ते दातांखाली मऊ तारेचे बारीक डँपर (दाताची थरथर थांबवणारे) असतात ते झिजल्यामुळे. हे दुरुस्त होतं, पण करणारे लोक युरोप अमेरिकेत, आणि खिळे जर झिजले असतील आणि सिलिंडरला सगळे नवीन बसवायचे झाले तर साध्या पेटीच्या किमतीपेक्षा तो खर्च मोठा. बाजूच्या फळ्या नीट बघा असंही लिहिलं होतं. बघितलं तर समोरून आणि वरून खरं शिसवासारखं लाकूड, बाजू नुसत्या रंगवलेल्या, लाकडाच्या रेघा ब्रशने ओढलेल्या. एकशे तीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते म्हणाले ही तेव्हाची सर्रास पद्धत, फसवणूक नव्हे. किंमत मात्र ते सांगत नाहीत, संस्थेचा तो नियम नव्हे पण त्यांचा स्वतःचा. म्युझियमवालेही सहसा किंमत सांगत नाहीत, वस्तू काय आहे तेवढं सांगतात, तेव्हा तिकडे आकडा मागायला जाऊन हिरमुसू नका.

13 एप्रिलला शनिवारी मामाबरोबर चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर. शुक्रवारी जाऊ नका, ॲंटिकची दुकानं बंद असतात. पेटी नेली नाही, फोटो आणि व्हिडिओच. तिथे गेल्यावर कळतं की तुम्ही गिऱ्हाईक असाल तर एक भाव आणि विकायला आलात तर दुसराच. पितळी भोंग्याचे चकचकीत ग्रामोफोन रांगेने मांडलेले, बरेचसे नव्याने जोडलेले असतात हे मामाला माहीत होतं, मला नव्हतं. पहिल्या दुकानात 12 हजार, दुसऱ्यात दात ऐकल्यावर 10. तिसरे चाचा वयस्कर होते, त्यांनी व्हिडिओ कानाला लावून दोन वेळा ऐकला, चहा मागवला आणि म्हणाले, “मॅडम, मैं पच्चीस दूँगा, लेकिन ये बेचने का पीस नहीं है, रखने का है. लेने वाला साल में एक आता है.” मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला मात्र त्या चाचांचं म्हणणं पटलं. सोन्याला रोज गिऱ्हाईक आहे, याला वर्षातून एक, त्यामुळे दुकानदार जागा अडवून ठेवायचे पैसे आधीच कापून घेणार.

मामाने मग हट्टच धरला की परदेशात पाठवू. म्हटलं ठीक, तेही बघू. जर्मनीत कोलोनला एक ऑक्शन हाऊस आहे, आउक्शन टीम ब्रेकर, ते यांत्रिक वाद्यं, जुने कॅमेरे, टाइपरायटर असल्याच वस्तूंचे लिलाव करतात. लंडनच्या मोठ्या लिलाववाल्यांकडेही ऑनलाइन फॉर्म असतो, फोटो टाकायचे, अंदाज फुकट मिळतो. मे महिन्याच्या सुरुवातीला दोनतीन ठिकाणी पाठवलं. (कोणी काय सांगितलं ते नावानिशी लिहीत नाही, तो अंदाज आमच्या पेटीपुरताच आहे.) एका ठिकाणाहून ‘मिळालं’ एवढंच ऑटोमॅटिक उत्तर, पुढे काही नाही. एकाने आम्ही अमुक किमतीखालचं घेत नाही म्हणून नम्र नकार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एकाचं नीट उत्तर आलं: आहे त्या अवस्थेत 500 ते 700 युरो. म्हणजे तेव्हाच्या दराने पंचेचाळीस ते त्रेसष्ट हजारांच्या आसपास, पण त्यातून विकणाऱ्याचं कमिशन, विमा, आणि पेटी तिथवर पोचवायचा खर्च आपला. त्यांनी खाली एक ओळ लिहिली होती की भारतातून निर्यातीची परवानगी तुमची तुम्ही बघा.

त्या एका ओळीने सगळंच बदललं. 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, ॲंटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट, 1976 पासून लागू. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन धरली जाते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, फक्त केंद्र सरकार किंवा त्यांनी नेमलेली संस्था पाठवू शकते. मोडलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. मामा म्हणाला, अरे पण ती स्वित्झर्लंडची आहे, आपली थोडीच. कायदा तसं विचारत नाही. मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं यांच्यापुरतं असेल असं मलाही वाटत होतं, पण व्याख्येत जुन्या काळची कला, कारागिरी, विज्ञान दाखवणारी कोणतीही वस्तू येते. आणि गाण्यांवरून आम्ही इतक्या हौसेने काढलेलं वय 1901 च्या अलीकडे येतच नव्हतं.

तरी खात्री करावी म्हणून जूनमध्ये सायनला गेले, पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मुंबई मंडळाचं ऑफिस सायन किल्ल्याच्या आवारात आहे. सोबत फोटोंचे प्रिंट, मापं, त्या गृहस्थांच्या ईमेलची प्रत, आधार कार्ड आणि अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा, एकीवर पोचेचा शिक्का घ्या. तिथे नीट समजावून सांगितलं. दोन गोष्टी वेगळ्या असतात त्या मी गोंधळून एकच समजत होते. एक, नोंदणी. ती सगळ्या जुन्या वस्तूंना लागत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या प्रकारांनाच लागते, म्हणजे शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं असं. आमच्या पेटीला नोंदणी नको. दोन, निर्यात. ती बंदी नोंदणी असो नसो लागूच. शंभर वर्षांच्या आतल्या वस्तूला ‘ही पुरातन नाही’ असं सर्टिफिकेट मिळतं, त्यासाठी वस्तू तज्ज्ञांच्या समितीला दाखवावी लागते, आणि वाद झालाच तर शेवटचा शब्द दिल्लीच्या महासंचालकांचा. घरी ठेवायला, घरातल्या घरात वाटायला, देशातल्या देशात विकायला आडकाठी नाही, फक्त कोणी धंदा म्हणून पुरातन वस्तू विकत असेल तर त्याला लायसन्स लागतं. तेव्हा विकायची वेळ आलीच तर दुकानदाराकडे लायसन्स आहे का ते विचारा.

म्हणजे परदेशातले 700 युरो खरे होते, फक्त आमच्यासाठी नव्हते. तिथे असलेल्या पेटीची ती किंमत. गिरगावातली पेटी गिरगावातच, नाहीतर फार तर भारतात, विकली जाणार आणि इथे गिऱ्हाईक मोजकं. मी घरच्या ग्रुपवर हे सगळं लिहून टाकलं, मामाने अंगठा दाखवला आणि दोन दिवस काही बोलला नाही.

आता राहिलं काय, तर वाटणीसाठी कोणीतरी सही शिक्क्यानिशी आकडा देणं. रजिस्टर्ड व्हॅल्यूअर म्हणून शोधलं तर बहुतेक जमीनजुमल्याचे किंवा दागिन्यांचे. कलावस्तूंचे व्हॅल्यूअर असतात पण थोडे, आणि त्यातले बरेच चित्रांचे. आमच्या सीएच्या ओळखीतून एक मिळाले. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, “कशासाठी हवंय?” मला वाटलं किंमत ती किंमत. तर नाही. विम्यासाठी काढलेली किंमत म्हणजे उद्या ती जळाली तर तशीच दुसरी दुकानातून आणायला काय पडेल, ती सगळ्यात मोठी. वाटणीसाठी म्हणजे आज खुल्या बाजारात, घाई नसताना, माहीतगार गिऱ्हाईक काय देईल. आणि व्यापारी रोख देतो ती तिसरी, सगळ्यात लहान. तीनही खऱ्या. मामा, मावशी आणि चोरबाजार हे तिघं गेले चार महिने तीन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत होते असं तेव्हा लक्षात आलं.

फी आधी ठरवून घ्या, आणि ती ठोक असू दे, वस्तूच्या किमतीवर टक्केवारीने नको, कारण मग आकडा फुगवण्यात त्यांचाच फायदा. आमची 6,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7,080. शिवाय जो व्हॅल्यूअर ‘मीच घेतो विकत’ म्हणेल त्याच्याकडून रिपोर्ट घेऊ नका.

20 जुलैला ते घरी आले. पाऊस धो धो, चाळीचा जिना गळत होता, अर्ध्या घरातलं सामान बांधलेलं. त्यांनी तासभर पेटी बघितली, दात एकेक मोजले, बॅटरी लावून सिलिंडरवर खिळे वाकलेत का बघितलं. मी सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवली होती, त्याचा फार उपयोग झाला, त्यांचा निम्मा शोध वाचला. पारशी शेठच्या गोष्टीला कागद आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी ती रिपोर्टमध्ये ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ म्हणून घातली, पैसे मात्र तिचे शून्य. आई थोडी नाराज झाली. त्या काळचं एखादं पत्र, फोटोत मागे दिसणारी पेटी, असं काही असेल तर शोधून ठेवा, त्याने फरक पडतो.

जाताना म्हणाले पावसाळ्यात तिला माळ्यावर ठेवू नका, फणीला गंज चढला की सूर जातो. आणि फणीला किंवा सिलिंडरला तेल, स्प्रे, काहीही लावायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या काचेला लागणार नाहीत अशा.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले, दोनदा आठवण करावी लागली. 12 ऑगस्टला आला. वाटणीसाठी बाजारभाव 40,000. विम्यासाठी 1,10,000. खाली दातांची अवस्था, दुरुस्ती झाल्यास किंमत बदलेल असा शेरा, फोटो, आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असल्याने निर्यातीस अपात्र हेही स्पष्ट. सीएला टॅक्सचं विचारून घेतलं. वारशाने मिळण्यावर आपल्याकडे कर नाही, पुढे कधी विकली तर घरगुती वापराची वस्तू की कलावस्तू यावरून ठरेल, तेव्हा हा रिपोर्ट जपून ठेव म्हणाले.

15 ऑगस्टला सुट्टीचं सगळे जमले. मामाला चाळीस हजारांत रस उरला नव्हता, मावशीच्या डोंबिवलीच्या घरात ठेवायला जागा नाही, मग ती आईच्या वाट्याला घालून बाकीच्या हिशेबात वळती केली. एका साध्या कागदावर तिघांच्या सह्या, वस्तूचं वर्णन आणि दोन्ही नंबर लिहून. मावशी तेवढं म्हणाली, पाचशेला दिली असती तर मला कोणी बोललं नसतं.

पेटी पुण्याला आमच्या घरी आणायची हे वेगळंच प्रकरण. स्प्रिंग पूर्ण उतरवायची आणि गाणं पूर्ण संपलेल्या जागी सिलिंडर थांबलेला हवा, म्हणजे एकही खिळा दाताला टेकलेला नसतो. मधेच थांबलेली पेटी हलवली तर रस्त्यातल्या एका खड्ड्याने दात तुटतात. काकांनी येऊन तेही करून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. कुरियर नाही, मूव्हर्सच्या टेंपोतही नाही, आपल्या गाडीत मागच्या सीटवर, खाली गोधडी, पट्टा लावून, मी शेजारी. लोणावळ्यापर्यंत मी खड्डे मोजत होते.

आता ती आमच्या हॉलमध्ये आहे. घराच्या विम्यात घालायला गेले तर त्यांनी रिपोर्ट मागितला, तो होताच, वर्षाला थोडेसेच जास्त पडले. तीन दातांचं मात्र तसंच ठेवलंय. परदेशी पाठवून परत आणायचा मार्ग कायद्याने बंद, इथे ते काम मनापासून येणारा माणूस अजून भेटला नाही, आणि अर्धवट येणाऱ्याच्या हातात द्यायची नाही. कोणी ओळखीचं असेल, ज्याने फणीचे दात खरोखर बसवलेत, आधीचं काम दाखवू शकेल असं, तर जरूर कळवा.

खर्चाचं म्हणाल तर घड्याळवाले काका, व्हॅल्यूअर, प्रिंट, प्रवास, चहापाणी सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास गेले. ठरलं होतं तिघांत वाटून घ्यायचे. मावशीने लगेच जीपे केले. मामा म्हणतो पेटी जिच्याकडे तिने भरावे, आणि यावर दिवाळीला बोलू.